दावजींचा ट्रक घेऊन श्रीगोंद्याला

जामखेडहून श्रीगोंद्याला जाणाऱ्या रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर ऑफिसातल्या एकीनं मला विचारलं. मी नेहमीप्रमाणे "काही नाही गं, असंच" म्हणून विषय संपवला. बोलताना माझं असं होतं. मनात आलेलं वाक्य मी आधी इंग्रजीत करून बघते, मग मराठीत, आणि तोवर समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. लिहिताना ती घाई नसते, म्हणून तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

त्या वाटेवर धबधबे नाहीत, फोटो काढायच्या जागा नाहीत. ज्वारी आहे, ऊस आहे, बाभळी आहेत. पण मी ती वाट लाकडी केबिनच्या एका जुन्या ट्रकमधून, क्लीनरच्या जागेवर बसून पाहिली. गाडी इतकी हळू चालायची की शेतातली माणसं आमच्याकडे बघून, कामाला लागून, पुन्हा एकदा वर बघायची तेव्हाही आम्ही त्यांच्या समोरच असायचो.

कोल्हार

माझे शांतवनमामा कोल्हारला राहतात, प्रवरेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. मी पोचले तेव्हा नाताळ होऊन गेला होता. दारावरची चांदणी अजून लटकत होती आणि मामीच्या डब्यात करंज्या उरल्या होत्या. नाताळला करंज्या-अनारसे कसे, असं मला पुण्यात दरवर्षी कुणीतरी विचारतं. कोल्हारात कुणी विचारत नाही. दिवाळीत शेजारच्यांचा फराळ आमच्याकडे येतो आणि नाताळात आमचा त्यांच्याकडे जातो.

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि मामांना जुनी गाडी एवढ्या लांबून एकट्यानं आणू द्यायला ती तयार नव्हती. म्हणून आईनं पुण्याहून परस्पर ठरवून टाकलं की रूथ जाईल. रूथ म्हणजे मी.

जायचं होतं ते ट्रक आणायला. माझे आजोबा दावीद हे श्रीगोंद्याजवळच्या एका बागायतदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्या बाजूच्या लोकांनी त्यांचं दावजी करून टाकलं होतं. मालकांना सगळे नाना म्हणतात. गळिताच्या दिवसांत कारखान्याला ऊस, एरवी कांदा, असं आजोबांनी तीस वर्षं नानांचा तो एकच ट्रक चालवला. ते गेल्यावर तो नानांच्या वस्तीवर कडुलिंबाखाली उभा राहिला. कोंबड्या आत अंडी घालायच्या. मामांनी निवृत्त झाल्यावर जाऊन तो नानांकडे मागितला. नाना देतो म्हणाले, पण एक अट घातली. मामांनी ती मला त्यांच्याच आवाजात सांगितली.

"घिऊन जा. पन नवी करू नको. झाली की आदी माज्याकडं आन. माजी गाडी म्हनून मला वळखू आली, तर तुजी. न्हाई आली, तर हितंच सोडून जायाची, लिंबाखाली."

अडचण अशी होती की काचबिंदूनं नानांची नजर पूर्ण गेलेली आहे. मग ते गाडी ओळखणार कशी, हे मी विचारलं.

"ते त्यांनी सांगितलं नाही," मामा म्हणाले. "मी विचारलं पण नाही."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "सासऱ्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर जन्म काढला, आता तुमी काढा. आनि नानांनी ठेवून घेतली म्हंजी या मोकळ्या हातानं घरी." मामा बूट पुसत होते. ट्रक दुरुस्तीला जामखेडला होता, वर्षभर ते महिन्यातून दोनदा तिथे जाऊन येत होते, आणि या घरात त्या ट्रकची आशा किती आहे हे मला त्या बुटांच्या चकाकीवरून कळलं.

जामखेड

नगर सोडून जामखेडच्या बाजूला निघालं की हिरवा रंग हळूहळू मागे पडतो. प्रवरेकाठी ऊस इतका दाट असतो की वळणापलीकडचं दिसत नाही. इथे लांबपर्यंत दिसतं. ज्वारी, मग पडीक, मग एखादी टेकडी, तिच्यावर शेळ्या.

अन्वर मिस्त्रींचं काम गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. शेडपुढे बाभळीचे ओंडके रचलेले होते. ट्रक दुरुस्तीच्या जागी लाकूड बघून मी चक्रावले. मामांनी समजावून सांगितलं. पूर्वी कंपनीकडून फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं मिळायची. ड्रायव्हर त्यावर खोकं ठेवून, डोळ्यांवर गॉगल लावून, उघड्या वाऱ्यात गाडी घरी आणायचा. केबिन आणि मागची बॉडी बांधायचे ते गावोगावचे मिस्त्री. त्यामुळे प्रत्येक तालुक्याच्या गाड्यांचा तोंडवळा वेगळा असायचा. आमच्या ट्रकची केबिन अन्वर मिस्त्रींच्या वडिलांनी बांधली होती.

निघण्याआधी मी इंटरनेटवर जुन्या ट्रकांचे फोटो पाहिले होते. सगळे लालभडक, आरशासारखे चकचकीत, कंपनीतून आताच बाहेर पडल्यासारखे. शेडमध्ये उभा असलेला ट्रक तसा नव्हता. लांब नाक, बॉनेट दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडणारं, पुढच्या मडगार्डांवर एकेक गोल दिवा. रंग मोहरीसारखा पिवळा आणि मधून विटकरी पट्टा. ऊन न लागलेला मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे सापडला होता, आणि त्याच्याशी जुळेपर्यंत मिस्त्रींनी डब्यात डबा मिसळला होता. मला सगळ्यात आवडले ते केबिनचे खांब. कुजलेला भाग तेवढा कापून तिथे नवी बाभूळ तिरक्या जोडानं बसवली होती. तो जोड पुट्टीनं लपवला नव्हता. जुनं लाकूड काळपट, नवं तांबूस, आणि मधली रेघ सरळ दिसत होती. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. खाच लागली नाही.

मिस्त्री म्हणाले, "नवी करायला आठ दिस पुरे हुते, ताई. जुनी ठिवायला वरीस गेलं."

मामा सगळीकडे हात लावत फिरले. बोल्ट जुनेच, स्टिअरिंग तेच, बारीक कडीचं आणि परातीएवढं. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर चढले, वर बघितलं आणि तसेच बसून राहिले.

काचेच्या वर, केबिनच्या आत, एक लाकडी पाटी होती. तिच्यावर 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' असं असायचं. नाना दर दसऱ्याला पेंटरला बोलावून त्याच अक्षरांवर पुन्हा रंग द्यायला लावत. थरावर थर चढून अक्षरं दोरीसारखी उठून आली होती. लहानपणी मामा बापाच्या मांडीवर उभे राहून त्यांवरून बोट फिरवायचे. आता पाटी गुळगुळीत होती, आणि तिच्यावर निळ्या रंगात, दोन्ही बाजूंना कबुतरं काढून, 'प्रभू येशूची कृपा' लिहिलं होतं. अक्षर फार सुरेख होतं.

ते काढणारे बबन पेंटर शेडच्या दारात उभे होते. कौतुक ऐकायला आले असावेत.

"पहिली अक्षरं कुठं गेली, बबनराव?" मामांनी विचारलं.

"खरडून काढली की. लई जाड थर हुता, पापुद्रं निगत हुतं नुस्तं." मग मामांचा चेहरा बघून ते जवळ आले. "काका, गाडी आता तुमच्या घरात जानार. तुमच्या डोक्यावर आमची देवी कशी ठिवायची? तुमी मोठ्या मनाचं, काय बोलनार न्हाई. पन आमाला कळाय नको?"

मामा खाली उतरले. "माझा बाप तीस वर्षं त्या पाटीखाली बसला. रविवारी त्याच गाडीतनं आमी चर्चला जायचो. त्याला कधी टोचली न्हाई ती."

मिस्त्रींनी चहा मागवला. चहा येईपर्यंत बबन पेंटर आपल्या बोटांना लागलेला निळा रंग नखानं काढत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाच्या दारावर काय आहे हे सगळे बघतात, पण दुसऱ्याला अवघडू नये म्हणून आपल्या देवीचं नाव आपल्या हातानं पुसणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. घोटाळा एवढाच होता की पुसली गेली ती नेमकी नानांनी गाडी ओळखायची खूण होती. मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नजर गेलेला माणूस हातानंच बघणार ना."

ठरलं असं की बबन पेंटर सकाळी पुन्हा आधीचंच नाव लिहितील आणि रंग वाळला की आम्ही निघू. मुक्काम मिस्त्रींच्या घरी. त्यांच्या बायकोनं शेंगोळी केली होती. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचे हातानं वळलेले तुकडे, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेले. कुळीथ मी घरी एरवी टाळते. इथे दोनदा घेतली. तिनं मला बराच वेळ न्याहाळलं आणि मामांना विचारलं, पोरगी बोलत न्हाई का?

"बोलते," मामा म्हणाले. "लागंल तेवढं बोलते."

जामखेड, दुसरा दिवस

सकाळी बबन पेंटर अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून आले. नाव पूर्ण होईपर्यंत चहाला हात लावला नाही. लिहून झाल्यावर ते मामांजवळ येऊन हलक्या आवाजात बोलू लागले. अक्षरांखाली पुट्टीचा थर दिला तर ती पहिल्यासारखी उठून येतील. वरून रंग मारला की झालं. "नानांच्या बोटाला कळायचं न्हाई."

"मला कळंल," मामा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी पेंटरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अक्षर झकास आलंय म्हणाले.

रंग वाळेपर्यंत मी केबिनमध्ये क्लीनरच्या जागी बसून होते. अनोळखी जागी मी आधी बसायचा कोपरा शोधते, आणि तो मिळाला की मला बरं वाटतं. तिथे बसल्यावर माझा उजवा पाय पुढे सरकला आणि टाच एका खळग्यात जाऊन बसली. पायाखालची फळी जुन्या सागाची होती. त्या एका ठिकाणी ती वाटीसारखी झिजली होती, आणि खळग्याची कड हाताळलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत होती. टाच तिथे ठेवली की पाठ सीटला बरोबर टेकायची.

थोड्या वेळानं मिस्त्री अल्युमिनियमचा नवा, उठावाच्या नक्षीचा पत्रा घेऊन आले. फळीवर तो ठोकायचा होता. पाटीच्या प्रकारानं त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं होतं. काहीतरी जास्तीचं देऊन त्यांना ते भरून काढायचं होतं. त्याशिवाय, ताई बसणार, ताईंचा पाय खड्ड्यात अडकायला नको.

"हे राहू द्या," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मिस्त्री म्हणाले, "खड्डा हाय त्यो. जॅक ठिवत आसतील हितं, त्यानं झिजलंय."

मामांचा अंदाज होता की पाण्याचा कॅन असेल. मला कारण माहीत नव्हतं, आणि कारण नसताना हट्ट करायची मला सवय नाही. तरी मी पाय उचलला नाही. "असू दे. बरा आहे," मी म्हणाले.

मिस्त्रींनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, राहू दे म्हणते तर राहू दे. "तुमच्या घरान्यात समदी आसलीच," असं पुटपुटत मिस्त्री पत्रा परत घेऊन गेले.

निघताना बबन पेंटरांनी चाकापुढे नारळ फोडला. मिस्त्रींनी बॉनेटवर थाप मारून बिस्मिल्ला म्हटलं. मामांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून डोळे मिटले. तिघांचं एकाच वेळी झालं आणि कुणालाही ते वेगळं वाटलं नाही. मी खिडकीतून हात हलवला. एवढं मला जमतं.

माहीजळगावच्या अलीकडे

ट्रकमध्ये बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मी ओरडत नाही, म्हणून बराच वेळ आम्ही न बोलता गेलो. बॉनेटमधून गरम हवा पायाशी यायची, खिडकीतून थंड. डिझेल आणि ताज्या रंगाचा वास एकमेकांत मिसळला होता. मामा वळताना नवा इंडिकेटर लावायचेच, शिवाय हातही बाहेर काढायचे. डाव्या बाजूचं काम माझ्याकडे होतं. डावीकडं कुणी आहे का बघायचं, आणि मोकळं असलं की दारावर बाहेरून दोन थापा. थांबायचं असेल तर एक. पहिल्या वेळी माझी थाप मलाच ऐकू आली नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत हात मोकळा झाला. बोलावं न लागता सगळं सांगता येण्याचं हे काम मला फार पटलं.

समोरून उसाचे ट्रॅक्टर यायचे, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतली दुसरी जरा झोके घेत. तो झोका आमच्या बाजूला आला की माझी टाच आपोआप खळग्यात दाबली जायची. तिथे दाबायला काही नव्हतं हे मला माहीत होतं. तरी पुढच्या ट्रॉलीला पुन्हा तेच.

माहीजळगावच्या अलीकडे रेडिएटरमधून वाफ यायला लागली. मामांनी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या, बुटक्या झोपड्या, होत्या. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. ती पाणी बरंच लांबून आणत असणार, कारण जवळपास मला नळ किंवा विहीर दिसली नाही. मामांनी विचारायच्या आत तिनं हंडा उतरवला.

"गाडीला तहान लागली व्हय," ती म्हणाली.

मी थोडंच द्या म्हणाले. तिनं पूर्ण हंडा पुढे केला. मी आणेन पुन्हा, पाण्याला काय, म्हणाली. इंजिन निवेपर्यंत ती ट्रकभोवती फिरून आली. इथे लोक गाडीला विचारून हात लावत नाहीत. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवतात. तिनं बॉनेटवर ठेवला, चटका बसला, हसली. तिच्या बापाच्या टोळीला न्यायला असल्याच नाकाच्या गाड्या यायच्या, आणि वर चढवताना बाप तिला खांद्यावर घ्यायचा, हे तिनं मला सांगितलं. मग विचारलं, "तू क्लीनर हायस का?"

"हो," मी म्हणाले.

तिला ते इतकं आवडलं की कोपीतल्या दुसऱ्या बाईला तिनं ओरडून सांगितलं. निघताना मी दारावर दोन थापा मारल्या, जरा जोरातच, तिला ऐकू जाव्यात म्हणून.

कर्जतच्या पुढे एका शेतात हुरडा भाजत होते. ट्रक बघून त्यांनीच हात केला. गोवरीच्या निखाऱ्यांवर भाजलेलं कणीस तळव्यात चोळून दाणे थेट माझ्या ओंजळीत टाकले, वर लसणाची चटणी. पुण्याजवळ हुरडा पार्टीला आधी नाव नोंदवावं लागतं. इथे त्यांनी आमचं नावसुद्धा विचारलं नाही, गाडीचं तेवढं विचारलं. मामांनी दोनच घास खाल्ले. पुढे श्रीगोंदा होतं.

श्रीगोंदा

श्रीगोंदा जवळ आलं की आधी वास येतो. कारखान्यांची मळी, आंबट-गोड आणि जड. नानांची वस्ती गावाबाहेर पाटाच्या चारीला, म्हणजे छोट्या कालव्याला, लागून आहे. लिंब मला लगेच ओळखू आला. त्याच्याखाली ट्रकच्या आकाराची जमीन अजून उघडी होती. तिथे गवत उगवलेलं नव्हतं.

नाना बाजेवर बसले होते. पांढरी टोपी, हातात काठी, मान आवाजाकडे वळवलेली. मामांनी गाडी बंद केली. नाना म्हणाले, "आवाज जवान झालाय."

ते चांगलं की वाईट, कळायला मार्ग नव्हता. पण आधी जेवण. त्यांच्या सूनबाई शोभावहिनी कुणाला उपाशी पोटी काही करू देत नाहीत. या भागातली शिपी आमटी मी पहिल्यांदा खाल्ली, काळ्या मसाल्याची, डाळीची, वर तेलाचा तवंग. डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना. मामांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. वहिनी म्हणाल्या, "शांतवनभाऊ, खाऊन घ्या. निकाल लागंल तवा लागंल."

मग नाना उठले. कुणाचा हात न धरता ट्रकपाशी गेले. मडगार्ड, दिवा, बॉनेटची कडी, असा हात फिरवत ते दारापर्यंत आले. खांबाच्या जोडावर बोट थांबलं.

"हे नवं लाकूड."

"व्हय. खांब कुजला हुता," मामा म्हणाले. एरवी ते 'हो' म्हणतात. नानांपुढे त्यांचं बोलणं बदललं होतं.

"बाभळीचंच हाय का?"

"बाभळीचंच."

"हं."

त्यांना वर चढायचं होतं. मामांनी आणि वहिनींनी मिळून त्यांना क्लीनरच्या जागी बसवलं. मामा ड्रायव्हरच्या जागेवर चढले, मी बाहेर पायरीवर, दाराला धरून उभी राहिले. नानांनी हात सरळ वर नेला, चाचपडावं न लागता, आणि पाटीवर बोट टेकवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ते फिरलं. परत मागे आलं. पुन्हा फिरलं. चारीच्या पाण्याचा आवाज येत होता.

"ही पाटी माजी न्हाई," नाना म्हणाले.

मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळं जसं झालं तसं सांगितलं, बबन पेंटरांनी आमचा मान राखायला देवीचं नाव काढलं तेही. त्यांच्यावर राग धरू नका म्हणाले. नानांनी ऐकून घेतलं.

"आरं, पुट्टी भरून अक्षरं उचलून घेतली असती. मला आंधळ्याला काय कळनार हुतं?"

"पेंटर म्हनला हुता तसं. मी नको म्हनलो."

नानांच्या चेहऱ्यावरून काही समजेना. मग त्यांनी काठीनं डॅशबोर्डवर टकटक केलं. "चालू कर. आलोय वर तर चारीपतुर चक्कर मार. मंग लाव लिंबाखाली."

मामांनी गाडी चालू केली. मी पायरीवर तशीच उभी होते. मामांचा चेहरा मला दिसत होता आणि मी बघणं टाळत होते. चारीच्या वळणावर उसातून एक कालवड अचानक रस्त्यात आली. मामांनी ब्रेक मारला, पण त्याच्या आधी, नजर नसलेल्या नानांनी तिच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज ऐकूनच उजवा पाय खाली दाबला होता. टाच खळग्यात गेली. बरोबर बसली.

गाडी थांबली. कालवड निघून गेली. नाना हलले नाहीत. मग ते हळूहळू वाकले, चप्पल काढली, आणि फळीवरून हात फिरवत खळग्याच्या कडेवर आले. बोटं कडेनं गोल फिरली.

"शांतवन," ते म्हणाले, "माजा ब्रेक हाय की रं हितं."

मामांना काही कळेना. नाना हसायला लागले होते, दात नसलेलं तोंड उघडून, खांदे हलवत. "तुजा बाप गाडी लई बेफाम हाकायचा. मोकळी गाडी आसली की कुनाच्या बापाचं ऐकायचा न्हाई. मग मी हितनं ब्रेक मारायचो. खाली काय न्हाई, ठाव हुतं मला. पन मारायचो. त्यो माज्याकडं बघायचा बी न्हाई. नुस्तं म्हनायचा, 'नाना, पाय वर.' तीस वर्सं म्हनला. मी काय पाय वर घेतला न्हाई."

मामांनी स्टिअरिंगवर हात ठेवून मान खाली घातली. नानांनी चाचपडत त्यांची पाठ शोधली आणि तिच्यावर थोपटलं.

"मिस्त्रीनं पत्रा कसा न्हाई मारला हितं? समदी मारत्यात."

"मारत हुता. हिनं मारू दिला न्हाई. आमच्या ताईची पोरगी."

नानांनी माझ्या बाजूला तोंड केलं. "दावजीची नात व्हय? हितं बसून आलीस का?"

"हो."

"मंग तूपन दाबला आसंल."

"दाबला," मी म्हणाले. "सगळ्या ट्रॉल्यांना."

ते पुन्हा हसले. परत वस्तीवर आल्यावर मामांनी गाडी कुठे लावू विचारलं, तर नाना म्हणाले, लावायची कशाला, अंधार पडायच्या आत नगर गाठा. उतरता उतरता त्यांनी पाटीवर एकदा बोट टेकवलं. "ह्या अक्षरावरनंच दर दसऱ्याला रंगाचा हात मारत जा. जाड व्हत जाईल." मामा व्हय म्हणाले. शोभावहिनींनी मामांची न खाल्लेली भाकरी आणि आमटी डब्यात बांधून दिली.

ती आम्ही नगरच्या अलीकडे रस्त्याकडेला बसून खाल्ली. मामांनी सगळी संपवली, डबाही पुसून घेतला. पुढे मनमाडच्या रस्त्याला लागल्यावर गर्दी कमी झाली. राहुरीच्या आधी एक उसाची ट्रॉली आमच्या पुढे होती, भरगच्च, झोके घेणारी. मामांनी मागे बघितलं, हात बाहेर काढला आणि गाडी उजवीकडे घेतली. एवढा वेग त्यांनी आधी धरला नव्हता. माझी टाच खाली गेली.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "नाना, पाय वर."

मी पाय वर घेतला नाही.